तीन हिवाळे, तीन हीटर: आईच्या खोलीसाठी केलेली निवड

माझी आई ८३ वर्षांची आहे. तिचा गुडघ्यांचा संधिवात जुना आणि दमा त्याहूनही जुना, त्यामुळे दिवाळी सरली की आमच्या घरात तिच्या खोलीची काळजी सुरू होते. गंगापूर रोडला आनंदवल्लीच्या बाजूस तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, गोदावरीचे पात्र तिथून फार लांब नाही, आणि आईची दहा बाय बाराची खोली नेमकी उत्तरेकडची असल्याने तिला हिवाळ्यात दिवसभरात एकदाही ऊन लागत नाही. गेल्या तीन हिवाळ्यांत या एका खोलीसाठी मी एक ब्लोअर, एक ऑइल हीटर आणि एक हॉट अँड कोल्ड एसी अशी तीन साधने विकत घेतली आणि प्रत्येक साधन किमान एक पूर्ण मोसम वापरले. सातपूरच्या एका कारखान्यात विद्युत देखभालीचे काम आयुष्यभर केल्यामुळे मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही ही सवय अंगात मुरलेली आहे. खोलीत किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर टांगला, हीटरच्या प्लगपाशी युनिट मोजणारा छोटा मीटर लावला, आणि रोजचे आकडे एका वहीत लिहीत गेलो. पुढे जे लिहिले आहे ते त्या वहीच्या आणि आईच्या अनुभवाच्या आधारावर लिहिले आहे. कंपन्यांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत, कारण माझ्या मते आपल्याकडे चूक होते ती कंपनी निवडण्यात नव्हे, हीटरचा प्रकार निवडण्यात होते.

नाशिकच्या थंडीचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसले आहे, हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते आणि दुपारी २८ अंशांवर असलेला पारा पहाटे दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली येतो. निफाडला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात, तर तो याहूनही खाली उतरतो आणि द्राक्षबागायतदारांना मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवाव्या लागतात. पण ही थंडी येते दोन-अडीच महिन्यांसाठी, आणि तीही मुख्यत्वे रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळात. माझा भाचा जर्मनीत असतो. त्याच्या घरात तळघरातील बॉयलरमध्ये पाणी तापते आणि नळांवाटे प्रत्येक खोलीतील रेडिएटरमध्ये फिरते. त्याने मोठ्या आपुलकीने मलाही तशी काही व्यवस्था करून घेण्याचे सुचवले होते. तिथे हिवाळ्यात बाहेरचे तापमान अनेकदा शून्याच्या आसपास असते, भिंतींना उष्णतारोधक थर असतो आणि खिडक्यांना दुहेरी काच असते, तेव्हा ती व्यवस्था तिथे शोभते. आपली घरे मात्र उन्हाळ्यात हवा खेळती राहावी या हिशोबाने बांधलेली आहेत, म्हणून आपल्याला संपूर्ण घर तापवण्याऐवजी एका माणसाची एक खोली ठरावीक तासांपुरती उबदार ठेवणारे साधन निवडायचे असते.

किती उबदार, हाही प्रश्न आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंडीच्या दिवसांत घरातील तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ नये असे म्हटले आहे, आणि वृद्धांसाठी व आजारी माणसांसाठी ते त्याहून थोडे अधिक असावे असे सुचवले आहे. आईच्या खोलीत पहिल्या वर्षी डिसेंबरच्या मध्यावर पहाटेचे तापमान १६ अंश भरत होते. धडधाकट माणसाला ते गोधडीत चालून जाते, पण दम्याच्या माणसाला पहाटे चारला उठून बाथरूमला जाताना तीच हवा छातीत बोचते.

हीटर घेण्याआधी करायचे एक काम मी उशिरा केले. आमच्या खिडक्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या आहेत, आणि अशा खिडक्यांच्या दोन तावदानांमधील ब्रशची पट्टी पाच-सात वर्षांत झिजून जाते. उदबत्ती पेटवून खिडकीच्या कडेने फिरवली तेव्हा धूर सरळ आत झुकत होता. ॲल्युमिनियमचे काम करणाऱ्या कारागिराकडून पट्ट्या बदलून घेतल्या, दाराखाली रबराची पट्टी लावली, जमिनीपर्यंत पोहोचणारा जाड पडदा शिवून घेतला, आणि दक्षिणेच्या दिवाणखान्यात दुपारी येणारे ऊन आईच्या खोलीपर्यंत पोहोचावे म्हणून बारा ते चार या वेळात मधली दारे उघडी ठेवून चारच्या ठोक्याला खिडक्या बंद करण्याची शिस्त लावली. एवढ्यानेच पहाटेचे तापमान जवळजवळ दीड अंशाने वाढले, आणि खर्च एका साध्या ब्लोअरच्या किमतीपेक्षाही कमी आला. आईचे माहेर पंचवटीतील एका वाड्यात होते. तिथल्या दोन-दोन फुटी भिंती आणि लाकडी तक्तपोशी यांच्या आठवणी ती दर हिवाळ्यात सांगते, आणि आता मला कळते की ती उगाच जुन्याचे कौतुक करत नव्हती.

पहिल्या हिवाळ्यात मी ब्लोअर घेतला होता. दोन हजार वॉटचा, दोन टप्प्यांचा, आत तापणारी कॉइल आणि मागे पंखा. किंमत कमी, वजन कमी, आणि बटण दाबताच गरम हवा, हे त्याचे गुण खरे आहेत. खोली पाच मिनिटांत तापल्यासारखी वाटते, पण बंद केल्यावर दहा मिनिटांत पूर्वीसारखी होते, आणि यामागचा हिशोब समजला की ब्लोअरविषयीचा गैरसमज दूर होतो. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीतील हवेचे वजन अवघे चाळीस किलोच्या आसपास असते. ती पाच अंशांनी तापवायला एका युनिटचा फार तर सतरावा हिस्सा लागतो. याउलट त्याच खोलीच्या चार भिंतींचे वजन दहा हजार किलोंच्या घरात जाते, आणि त्या एक अंशाने तापवायच्या तर सुमारे अडीच युनिट लागतात. ब्लोअर हवा तापवतो, भिंती, फरशी आणि पलंग गारच राहतात, आणि त्या गार भिंती हवेतील ऊब लगेच शोषून घेतात. आईने तिसऱ्याच दिवशी सांगितले होते, "अरे, हा गरम वारा आहे, ऊब नाही." मोजमापाची वही उघडण्याआधीच तिचा निकाल लागला होता.

दमेकऱ्याच्या दृष्टीने ब्लोअरचा आणखी एक दोष आहे. तो खोलीतील धूळ सतत ढवळत राहतो, आणि कॉइलवर बसलेली धूळ जळल्याचा वास मोसमाच्या सुरुवातीला हमखास येतो. दुकानात मला सांगण्यात आले होते की ब्लोअर ऑक्सिजन जाळतो आणि ऑइल हीटर जाळत नाही. हे खरे नाही. विजेवर चालणारा कोणताच हीटर ऑक्सिजन जाळत नाही, कारण तिथे काहीही पेटत नसते. घसा सुकतो त्याचे कारण निराळे आहे. १० अंश तापमानाची, ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेली हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की पाण्याची वाफ तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता ४२ टक्क्यांच्या आसपास येते. हे सर्वच हीटरच्या बाबतीत घडते. ब्लोअरमध्ये ती कोरडी हवा थेट तोंडावर येते म्हणून त्रास अधिक जाणवतो, इतकेच.

याच ब्लोअरने मला एक धडा दिला, तो प्रत्येकाने लक्षात घ्यावा अशी माझी मनापासून विनंती आहे. दोन हजार वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ ॲम्पिअर वीज खेचतो, म्हणून त्याची पिन मोठी, १६ ॲम्पिअरची असते. आईच्या खोलीत मोठ्या पिनेचा पॉवर प्लग एसीच्या जागी, छताजवळ होता, आणि पलंगाजवळ फक्त ६ ॲम्पिअरचे सॉकेट होते. ज्या दुकानातून ब्लोअर घेतला तिथल्या विक्रेत्याने मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्टर सोबत दिला आणि सगळे असेच वापरतात असे सांगितले. आयुष्यभर विजेचे काम केलेल्या माणसाने ते ऐकायला नको होते, पण बाहेर थंडी होती, आई कुडकुडत होती, आणि एकाच रात्रीचा प्रश्न आहे असे म्हणून मी तो लावला. नवव्या रात्री प्लास्टिक जळल्याचा वास आला. सॉकेटचे तोंड वितळून पिन आत चिकटली होती आणि भिंतीवर काळा डाग पडला होता. एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप वीज तोडणारा स्विच, पडला नाही, कारण पावणेनऊ ॲम्पिअर हा त्याच्या दृष्टीने जादा भार नव्हताच. दोष सैल जोडाच्या ठिकाणी साठणाऱ्या उष्णतेचा होता, आणि ती ओळखणे एमसीबीचे काम नाही. दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावून वितरण पेटीपासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घेतली, पलंगापासून चार फुटांवर १६ ॲम्पिअरचे सॉकेट बसवले आणि अर्थिंग तपासून घेतले. हीटरच्या किमतीत हा खर्च धरलाच पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर चालवणे हाही तोच धोका आहे, आणि चालू हीटरची पिन अर्ध्या तासाने हाताला चटका देण्याइतकी गरम लागत असेल तर तो हीटर त्याच क्षणी बंद करावा.

दोन कांड्यांच्या लाल उजेडाच्या हीटरविषयी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे तो शेजाऱ्यांकडून आठवडाभर आणलेला होता. तो हवा न तापवता उन्हासारखी समोरच्या अंगाला ऊब देतो, आठशे वॉटमध्ये गुडघे शेकून निघतात, आणि सकाळी पूजेला बसण्यापुरता तो उत्तम आहे. परंतु त्याला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून वीज आपोआप चालू-बंद करणारी कळ, नसतो, तापलेल्या कांड्यांसमोर गोधडीचे टोक गेले तर काय होईल हे सांगायला नको, आणि त्याच्या उजेडात झोप लागत नाही. रात्रभरासाठी तो नाहीच.

कोळशाच्या शेगडीविषयी मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही, कारण अजूनही जुन्या घरांतून थंडीच्या लाटेत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपण्याची पद्धत आहे. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. धूर दिसेनासा झाला म्हणजे शेगडी सुरक्षित झाली हा समज जीवघेणा आहे. झोपलेल्या माणसाला जाग येण्याची संधीच मिळत नाही. आईच्या आग्रहाखातरही मी शेगडी खोलीत येऊ दिली नाही, अंगणात ती कितीही छान वाटली तरी.

दुसऱ्या हिवाळ्यात ११ फिनांचा, म्हणजे अकरा उभ्या पोकळ पट्ट्यांचा, ऑइल हीटर आणला. मेन रोडच्या दुकानात तो ब्लोअरच्या पाचपट किमतीला मिळाला, आणि तेवढे पैसे देताना मन कचरले होते हे कबूल करतो. दिसायला तो लोखंडी पट्ट्यांच्या उभ्या पेटीसारखा असतो. आत तेल कायमचे बंद केलेले असते, खालच्या बाजूला विजेची कांडी ते तापवते, तापलेले तेल फिनांमधून आपोआप वर चढते आणि गार झालेले खाली येते. तेल जळत नाही, संपत नाही आणि ते पुन्हा भरावे लागत नाही. दुकानात येणारे अनेक जण त्यात किती दिवसांनी तेल घालायचे असे विचारतात, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

एका गोष्टीची तयारी ठेवावी. हा हीटर सुरू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे काहीच घडत नाही असे वाटते. पत्रा प्रसरण पावताना टक-टक असा आवाज येतो, आणि पहिले दोन दिवस नव्या रंगाचा वास येतो, तेव्हा तो आधी रिकाम्या खोलीत खिडकी उघडी ठेवून दोन-तीन तास चालवून घ्यावा. पाऊण तासानंतर मात्र जी ऊब पसरते तिची जात वेगळी असते. पंखा नाही, आवाज नाही, उजेड नाही, तोंडावर वारा नाही. फिनांतून काही ऊब किरणांच्या रूपाने समोरच्या पलंगापर्यंत जाते आणि काही हवेच्या संथ प्रवाहाने खोलीभर फिरते. थर्मोस्टॅटने वीज तोडली तरी तापलेले तेल आणि लोखंड पुढे बराच वेळ ऊब देत राहते, आणि लोडशेडिंग झाले तरी खोली एकदम गार पडत नाही. आईने पहिल्याच रात्री सांगितले, "चुलीच्या मागच्या बाजूला बसल्यासारखं वाटतंय." त्या हिवाळ्यात तिला पहाटे इनहेलर घ्यावा लागण्याचे प्रसंग आधीच्या वर्षापेक्षा कमी झाले. याचे सगळे श्रेय मी हीटरला देणार नाही, कारण खिडक्यांच्या पट्ट्याही तेव्हाच बदलल्या होत्या आणि डॉक्टरांनी औषधही बदलले होते.

वापराची पद्धत बसवायला मला दोन आठवडे लागले. आमच्या हीटरला १०००, १५०० आणि २५०० वॉट असे तीन टप्पे आहेत. सुरुवातीला मी तो २५०० वर ठेवून लवकर खोली तापवण्याचा प्रयत्न केला. त्यात हीटरचा पत्रा अतिशय गरम होतो आणि खोलीचे तापमान वर-खाली होत राहते. आता रात्री साडेआठला तासभर १५०० वर चालवतो, मग १००० वर आणून थर्मोस्टॅट असा ठेवतो की खोली २० अंशांच्या आसपास राहील. थर्मोस्टॅटवर अंश लिहिलेले नसतात, नुसते आकडे किंवा कमी-जास्तीची खूण असते. म्हणून खोली हवी तेवढी तापली की चकती हळूहळू मागे फिरवावी आणि ज्या जागी 'टक' असा आवाज येऊन दिवा बंद होतो तिथे सोडावी. तेवढे केले की पहाटेपर्यंत तो स्वतः चालू-बंद होत राहतो. बाहेर ९-१० अंश असताना आठ-नऊ तासांच्या रात्रीत साडेचार ते साडेपाच युनिट खर्च होतात, हा माझ्या वहीतील आकडा आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. वजन बारा-तेरा किलो भरते. चाके आहेत, पण उंबरठा ओलांडायचा तर तो उचलावाच लागतो, आणि ते वृद्ध माणसाचे काम नाही. पत्रा मोठ्या टप्प्यावर चटका बसेल इतका तापतो, त्यामुळे घरात रांगणारे मूल असेल तर कठडा हवा. आमच्या घरात सौ.ने एकदा ओला पंचा फिनांवर वाळत घातला होता, आणि ही चूक बहुतेक घरांत होते. वर झाकल्याने उष्णता कोंडते आणि कापड करपते. विकत घेताना आयएसआय चिन्ह पाहावे, हीटर कलंडला तर वीज तोडणारा स्विच आहे ना हे दुकानातच तिरपा करून तपासावे, आणि ९, ११ की १३ फिना या वादात फार पडू नये. दहा बाय बाराच्या खोलीला नऊ फिना पुरतात. जास्त फिना म्हणजे तेवढीच ऊब अधिक पृष्ठभागातून, म्हणजे पत्रा कमी तापलेला, आणि घरात वृद्ध माणूस आहे म्हणून मी ११ घेतल्या.

तिसऱ्या वर्षी आईच्या खोलीला उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच होता, तेव्हा थोडे पैसे जास्त देऊन एक टनाचा हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी घेतला. सर्वसाधारण एसी घरातील उष्णता बाहेर फेकतो. या एसीत एक झडप असते, ती फिरवली की तेच चक्र उलटे चालते आणि बाहेरच्या हवेतील उष्णता उचलून घरात आणली जाते. बाहेर दहा अंश थंडी असताना उष्णता कुठून येणार, असा प्रश्न आईने विचारला आणि तो रास्त होता. दहा अंशांच्या हवेतही उष्णता असतेच. एसीच्या नळीतील वायू बाहेरच्या हवेपेक्षाही थंड केला की ती उष्णता त्याच्याकडे वाहते, आणि मग कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो. विजेचा खर्च उष्णता निर्माण करण्यात न होता ती वाहून आणण्यात होतो, म्हणून एका युनिटमागे साधारण तीन युनिटांइतकी ऊब मिळते. ब्लोअर, कांडी आणि ऑइल हीटर हे तिन्ही एका युनिटात एकाच युनिटाची ऊब देतात. ऑइल हीटर वीज वाचवतो म्हणून जो सांगितला जातो त्याचा खरा अर्थ एवढाच, की थर्मोस्टॅटमुळे तो गरज नसताना चालत नाही.

हे तंत्र नाशिकच्या थंडीला विशेष मानवते. बाहेरचे तापमान शून्याजवळ गेले की बाहेरच्या युनिटवर हिम जमते, ते वितळवण्यासाठी एसीला मधूनमधून गरम हवा थांबवावी लागते, आणि उत्तरेकडील डोंगराळ गावांत ही अडचण नेहमीची आहे. आपल्याकडे आठ-दहा अंशांना तो प्रसंग जवळजवळ येत नाही. सबमीटर बसवून पाहिले तर तीच खोली, तेच २० अंश आणि तेवढेच तास यांसाठी एसीने रात्रीला दोन ते अडीच युनिट घेतले, म्हणजे ऑइल हीटरच्या निम्म्याहूनही कमी.

आकडे पाहून मी ऑइल हीटर माळ्यावर ठेवायला निघालो होतो, पण आईने ठेवू दिला नाही. गरम हवा हलकी असल्याने ती छताशी जमते. एसी वर बसवलेला असतो, हवेची दिशा बदलणाऱ्या पट्ट्या पूर्ण खाली वळवल्या तरी पायांकडचा भाग गारच राहतो. मी थर्मामीटर एकदा कपाटाच्या वर आणि एकदा फरशीवर ठेवून पाहिला, फरक चार अंशांचा निघाला. जे घरी जमिनीवर गादी घालून झोपतात त्यांना हा फरक फार जाणवेल. छताचा पंखा अगदी मंद ठेवला तर तो कमी होतो, पण थंडीत पंखा फिरतोय हे दृश्यच आईला सहन होत नाही. शिवाय हवेचा झोत, मध्येच कमी-जास्त होणारा आवाज आणि पहाटे सुकलेला घसा या तिच्या तक्रारी होत्या. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुतला आणि खोलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवले तेव्हा घशाचा त्रास कमी झाला, बाकीचे राहिले.

शेवटी दोन्ही एकत्र वापरण्यावर आम्ही स्थिरावलो. संध्याकाळी साडेसातला एसी २२ अंशांवर लावून खोली लवकर आणि स्वस्तात तापवायची, आई जेवून साडेनऊला झोपायला आली की एसी बंद करून ऑइल हीटर १००० वॉटवर ठेवायचा. रात्रीचा एकूण खर्च साधारण चार युनिट होतो. नुसत्या एसीपेक्षा तो अधिक आहे हे मला ठाऊक आहे, पण हीटर वीज वाचवण्यासाठी आणलेला नव्हता, आईला नीट झोप लागावी म्हणून आणला होता.

पैशांचा हिशोब ज्यांना करायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ६५ रात्री धरल्या तर ऑइल हीटरचे सुमारे ३२५ आणि एसीचे सुमारे १४५ युनिट होतात. सर्व आकार धरून युनिटमागे दहा रुपये मानले, तर फरक मोसमाला अठराशे रुपयांचा आहे. म्हणजे उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल तर साध्याऐवजी हॉट अँड कोल्ड घेण्यात शहाणपण आहे, वरचे पैसे तीन-चार हिवाळ्यांत फिटतात. पण निव्वळ हिवाळ्यासाठी चाळीस हजारांचा एसी घेणे नाशिकमध्ये परवडणारे नाही. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. टप्पा ओलांडला की सगळेच युनिट महाग होतात असे अनेकांना वाटते, तसे नसते, फक्त वरच्या युनिटांना वरचा दर लागतो. मात्र हीटरचे युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यात जाऊन बसतात, म्हणून त्यांचा हिशोब घरच्या सरासरी दराने न करता वरच्या दराने करावा. आणि पहाटे गीझर, हीटर व इस्त्री एकाच वेळी चालवू नये. आमच्याकडे मुख्य एमसीबी दोनदा पडला तो याच तिघांमुळे.

ज्यांचे बजेट लहान आहे, खोली भाड्याची आहे किंवा वायरिंग बदलणे शक्य नाही, त्यांनी विजेच्या ब्लँकेटचा विचार करावा. एका माणसाच्या ब्लँकेटला शंभर वॉटच्या आसपास वीज लागते, साध्या ६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर ते चालते, आणि झोपण्याआधी अर्धा तास अंथरूण तापवून बंद केले की वरच्या गोधडीत ती ऊब मध्यरात्रीपर्यंत टिकते. माझ्या धाकट्या बहिणीकडे सिडकोत हेच आहे आणि ती समाधानी आहे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी ते अंगाखाली चालू ठेवून झोपू नये, कारण चटका बसला तरी त्यांना कळत नाही. ब्लँकेटने श्वासातली हवा मात्र गरम होत नाही, म्हणून आईसाठी ते पुरेसे नव्हते.

महाशिवरात्र झाली की आमच्याकडे हीटर आवरून ठेवण्याची वेळ येते. तो पूर्ण गार झाल्यावर फिनांमधली धूळ मऊ ब्रशने काढावी, पिनेवर काळसर डाग किंवा वायरीच्या मुळाशी चीर आहे का ते पाहावे, वायर त्याच्या कप्प्यात सैलसर गुंडाळावी आणि जुन्या चादरीत झाकून तो उभाच ठेवावा. आडवा ठेवलेला ऑइल हीटर पुढच्या वर्षी थेट सुरू करू नये. तेल खाली उतरून विजेची कांडी पूर्ण बुडायला वेळ लागतो, त्यामुळे आधी तो निदान तासभर उभा राहू द्यावा. आमचा हीटर आईच्या कपाटामागे उभा आहे, त्याच्या सॉकेटवर मी लाल पट्टी चिकटवून ठेवली आहे, आणि त्यात दुसरे काहीही लावायचे नाही हे घरातल्या लहानापासून थोरापर्यंत सर्वांना सांगितलेले आहे.